गोठ्यापासून चुलीपर्यंत

(मंचर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समाजवादाच्या अभ्यासवर्गात गोबरगॅसच्या नळीचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. नियोजनाची चर्चा आपण धरणे, कारखाने आणि बँका यांच्यापाशी सुरू करतो व तेथेच संपवतो. तेच नियोजन गोठा आणि चूल यांमधील वीस-पंचवीस फुटांत कसे कोलमडते, हे पाहण्याची आपल्याला सवय नाही.

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात दुभती जनावरे पुष्कळ. गोबरगॅस ही तेथे नवलाची वस्तू नव्हे. जशभाई पटेल यांच्या आराखड्याचे तरंगत्या टाकीचे संयंत्र खादी आयोगाने १९६२ साली स्वीकारले. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली, १९८४ मध्ये दीनबंधू नमुना आला. आपल्याच जिल्ह्यात, देहूला, डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला गॅसची जोड देऊन दाखवली. तंत्र कधीच सिद्ध झाले आहे. अडते ते उघड्यावरच्या नळीपाशी.

टाकीतला वायू उबदार व दमट असतो. नळीत तो निवला की वाफेचे पाणी होते आणि नळीला जेथे झोळ पडला असेल तेथे साचते. तरंगत्या टाकीतील वायूचा दाब मुळात सुमारे १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकाच. म्हणजे झोळात अर्धी वीत पाणी चढले की वायूची वाट बंद. टाकी भरलेली, शेगडी धड, आणि घरची बाई पुन्हा ओल्या लाकडांवर फुंकर घालीत बसलेली!

प्लास्टिकची नळी उन्हाने कडक होऊन तडकते, घुशी-उंदीर ती कुरतडतात. लोखंडी नळाला आतून गॅसमधील हायड्रोजन सल्फाइड खातो, बाहेरून पावसाळा. ट्रॅक्टरचे चाक तर दोहोंनाही सोडत नाही. गळणारा मिथेन मोकळ्या हवेत वर निघून जातो, पण बंद स्वयंपाकघरात हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेले तर एक ठिणगी पुरे. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी. काडी ओढून कधीही नव्हे.

उपाय साधा आहे. नळीला संयंत्राकडे उतार द्यावा, शंभर फुटांना एक फूट. तो मिळत नसेल तर सर्वांत सखल जागी साचलेले पाणी काढण्याची सोय ठेवावी. सांधे तपासूनच नळी फूटभर खोल पुरावी आणि गाडीवाटेखाली ती जाड लोखंडी नळातून न्यावी. जमिनीवरचा भाग भिंतीला पट्ट्यांनी जखडावा व उन्हापासून झाकावा. दोरीवरच्या धुण्यासारखा लोंबता ठेवू नये. एक कॉक संयंत्रापाशी, दुसरा शेगडीपाशी.

संयंत्राच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. मग तो होत का नाही? अनुदान बांधलेल्या संयंत्रामागे मिळते. जळलेल्या गॅसचा हिशेब कोणी मागत नाही. अर्थशास्त्रात आम्ही भांडवलाच्या झिजेची तरतूद शिकवीत आलो, पण येथे ती झीज बाईच्या अंगावर पडते. तिच्या श्रमाला मजुरी नाही, म्हणून नळी बंद पडल्याचा तोटा कोणत्याच वहीत उमटत नाही. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून सिलिंडर गरीब घरांत पोचवला हे खरे. पण तो पुन्हा भरायला रोख पैसा लागतो, आणि दुधाचा भाव कोसळतो त्या महिन्यात तोच नसतो.

गोबरगॅस हा सर्वांचा तोडगा आहे, असा प्रचार मात्र करू नका. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण हवे, म्हणजे चार-पाच जनावरे. पश्चिमेच्या डोंगरातील भूमिहीन आदिवासी घराने ती कोठून आणावी? त्याच्या इंधनाची मागणी वेगळी मांडावी लागेल. पण जेथे सार्वजनिक पैसा आधीच पुरला गेला आहे, तेथे तो निकामी का होऊ द्यायचा?

ग्रामपंचायतीने एका तरुणास किंवा तरुणीस हे काम शिकवून, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक नळी तपासण्यासाठी रीतसर मजुरीवर नेमावे, ही मागणी ग्रामसभेत ठेवा. त्याआधी गावातील संयंत्रांची यादी करा: चालू किती, बंद किती, बंदपैकी नळीमुळे किती. माहिती घरातील बाईला विचारा, सातबाऱ्यावर नाव असलेल्याला नव्हे. पुढच्या वर्गाला येताना ती यादी घेऊन या.