पन्नास सह्यांचे मुखत्यार



व्याख्यानमालेत बहुधा कवी येतात, कथाकार येतात, एखादे वर्ष इतिहासकार. यंदा मंडळाने ठरवलं की, सार्वजनिक धोरण, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय घेऊन पदवी मिळवलेल्या आपल्या भागातल्या मुलामुलींचा सत्कार करायचा आणि व्याख्यानही त्यांनाच उद्देशून द्यायचं. कार्यक्रम ठरल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. घरोघरी तो तुम्हालाही विचारला गेला असेल. इंजिनियर पूल बांधतो, डॉक्टर औषध देतो, मग धोरण शिकलेलं पोरगं नेमकं काय करतं?

उत्तर मिठापासून देतो. १९०२ साली मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीत आणि श्रीमंताच्या पंगतीत मीठ जवळजवळ सारखंच लागतं, त्यामुळे हा कर सर्वांत जड कुणाला जायचा हे सांगायला नको. त्या वर्षी मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात पस्तीस वर्षांचा एक सभासद अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे म्हणून सगळे खूश होते. त्याने सरकारचेच आकडे घेऊन विचारलं की, देशात दुष्काळ आणि प्लेग चालू असताना शिल्लक उरते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं, असाच होत नाही का? पुढच्या वर्षी मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर, १९०७ साली एक रुपयावर. हे एकट्या त्याच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण दरवर्षी उठून तोच हिशेब मांडणारा तो होता. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचं नाव घेतलं की आपल्याला पुणं आठवतं. पण त्यांचं बालपण आपल्या शेजारचं आहे. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, १८६६ चा. वडील नोकरीला कागलात. निपाणीहून कोल्हापूरला जाताना एसटी जिथे थांबते तेच कागल. वडील १८७९ साली गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून कागलातच पंधरा रुपयांवर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. गोपाळ १८८४ साली, अठराव्या वर्षी, बी. ए. झाला. मागच्या रांगेतल्या आईवडिलांनो, त्या पदवीत पंधरातले आठ रुपये गोविंदरावांचे होते. चरित्रकार एक-दोन ओळींत हे उरकतात, मला ते फार मोठं वाटतं.

त्याच कोल्हापुरात त्यांच्या आधी आणखी एक मुलगा शाळा शिकून मुंबईला गेला होता, महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याची बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली. पदवीधर किती? चार. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एक न्यायाधीश झाला, एक संस्कृतचा जगन्मान्य पंडित, एक वकील, एक शिक्षक. त्यांच्या वेळी धोरण नावाचा विषय कुठल्याच पाठ्यक्रमात नव्हता. आज बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात त्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, आणि पदवीच्या पातळीवरही तो शिकवला जाऊ लागला आहे. रानड्यांनी तो पुण्याला बदली होऊन आल्यावर काम करता करता शिकून घेतला.

पुण्यात १८७० च्या २ एप्रिलला सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. पुढे सार्वजनिक काका म्हणून ओळखले गेलेले गणेश वासुदेव जोशी यांनी तिची उभारणी केली. या सभेचा एक नियम मला पदवीधरांना मुद्दाम सांगायचा आहे. नुसती वर्गणी भरून तिचं सभासद होता येत नसे. निदान पन्नास प्रौढ माणसांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे, की हा आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सुमारे ६००० माणसं होती. लक्षात घ्या, मतदानाचा हक्क कुणालाच नव्हता तो काळ. कायद्याने ज्याला कवडीची किंमत नव्हती, असा तो कागद होता. तरी सभेने अर्ज केला की सरकारला एवढं तरी कळे की बोलणाऱ्याच्या मागे कोण आहे.

१८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा या रचनेचा कस लागला. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी जिल्ह्यांत आपला बेळगाव जिल्हाही होता. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. धान्याचा भाव काय, गुरं किती उरली, गाव सोडून किती गेले, हे लिहून सरकारला वेळोवेळी पाठवलं. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्याला. सभेने यावर हरकत घेतली. सभेच्या या कामामागे रानडे होते आणि तेव्हा ते सरकारी नोकरीतले न्यायाधीश होते. ‘नोकरी लागली की हे सगळं सोडून द्यायचं’ असं ज्या घरांत सांगितलं जात असेल, तिथे हे उदाहरण चालेल. अर्थात पुढे त्यांची नाशिक-धुळ्याकडे बदली झाली, हेही सांगायला हवं. सरकारी नोकरीत बदली ही काही नवी गोष्ट नाही.

इथवर ऐकून आपल्याला अभिमान वाटला असेल. पण आता याच मंडळींबद्दल एका माणसाने काय विचारलं तेही ऐकायला हवं. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरला त्याच्यापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशी ठेवून कॉलेज पोसायचं हा न्याय नव्हे. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. सार्वजनिक सभेलाही त्यांनी सोडलं नाही. हिच्यात शूद्र-अतिशूद्र कुठे आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. पन्नास सह्या असल्या तरी त्या कुणाच्या, हे विचारणारा माणूस लागतो. माझ्या मते, धोरणाच्या विद्यार्थ्याने या निवेदनापासूनच अभ्यासाला सुरुवात करावी, कारण त्यात तिजोरीत पैसा कुठून येतो आणि कुठे जातो या दोन्ही टोकांचा एकत्र विचार आहे.

आणि गंमत पाहा, फुल्यांची मागणी पुढे कुणी उचलली? गोखल्यांनी. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतं, तेही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, इतकं सौम्य. वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं. १९१५ साली ते गेले. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे, तेव्हा पुन्हा कागलच. त्याच कागल जहागिरीतल्या माणगावात मार्च १९२० मध्ये महाराजांनी ज्या तरुण अर्थशास्त्रज्ञाला लोकांपुढे उभं केलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर त्यांचे ग्रंथ आहेत. घटनाकार म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो, पण सरकारी जमाखर्च कसा वाचावा हे शिकायचं तर त्यांचे हे ग्रंथ उघडावे लागतील. १९२५ साली ते निपाणीच्या परिषदेलाही आले होते. सगळ्या देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला २००९ साली. फुल्यांच्या निवेदनापासून मोजा, १२७ वर्षं.

आता पिरनवाडीत येऊ.

आपल्याकडे प्राथमिक शाळेचा प्रश्न सक्तीचा राहिलेला नाही, भाषेचा आहे. या सभागृहात तो फार वेळा बोलला जातो, आणि बहुतेक वेळा भावनेने. मी आज दोन आकडे सांगतो. पहिला आहे चाळीस आणि दहा. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की, शाळेत एखाद्या मातृभाषेची ४० मुलं असतील किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यावा. राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात हेच सूत्र राहिलं, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली. एकात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय, दुसऱ्यात त्यावर लक्ष ठेवायला आयुक्त. त्या आयुक्तांचं विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावातच चालत होतं. आपल्यापैकी किती जण तिथली पायरी चढले, हात वर करायला सांगत नाही. दुसरा आकडा पंधरा. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की, तालुक्यात किंवा नगरपालिकेत ज्या भाषकांचं प्रमाण १५ टक्के आहे, त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना आणि नियम प्रसिद्ध व्हावेत.

हे करार आहेत. अंमल करून घेतला तर आहेत, नाहीतर कपाटात आहेत. आणि त्यांचा अंमल आकड्यांवर चालतो. जूनमध्ये पहिलीच्या वर्गात दहा मुलं असतील तर मागणीला जोर येतो, नऊ असतील तर साहेब हसून चहा पाजतात. इथे मला आपल्या जुन्या घरांना एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. मोर्चाला पुढे असणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच घरांतली नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांनी तसं का केलं ते मला समजतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ते दहावं मूल कुठून यायचं, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. शाळावार, गाववार, दरवर्षी. त्यासाठी लागते ती फक्त एक वही आणि चार जूनपर्यंतची चिकाटी.

दुसरी गोष्ट पंचायतीची. आपलं गाव ग्रामपंचायतीतून पट्टण पंचायतीत गेलं. कायद्याने लोकसंख्या दहा हजारांच्या वर गेली की हा बदल होऊ शकतो, आणि खानापूर रोडच्या दोन्ही बाजूंनी गाव कसं वाढलं ते आपण पाहतोच. पाटी बदलली, बाकी काय बदललं? ग्रामसभा गेली. पंचायतराज कायद्याने ग्रामसभेत कुठल्याही मतदाराला उठून खर्च विचारता येत होता, नगरपालिकांच्या कायद्यात तशी ग्रामसभा नाही. रोजगार हमीचं काम ग्रामीण भागापुरतं असतं, त्यामुळे ज्या बायका त्यावर जात होत्या त्यांच्या हातून ते गेलं. घरपट्टीची पद्धत वेगळी झाली. त्याबरोबर शहराचा निधी येतो, हेही खरं. फायदा जास्त की तोटा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण वॉर्डावार आकडे मांडून कुणी दाखवलेले नाहीत. ते काम तुमचं आहे. तुम्ही प्रबंध लिहिलेत, तक्ते केलेत, गुण मिळवलेत. तोच तक्ता एकदा आपल्या गल्लीचा करा.

यात एक अडचण येते आणि ती तुम्ही सोडवू शकता. हे सगळे कागद कन्नडात असतात. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तुम्ही शाळेत कन्नड शिकलात, वाचता, लिहिता, अर्ज करता. काही घरांत याचा थोडा संकोच आहे, जणू कन्नड चांगलं येणं म्हणजे मराठीशी फारकत. मला हे पटत नाही. गोखले सरकारशी भांडले ते सरकारच्या इंग्रजीत, सरकारच्याच आकड्यांनी. मराठीतून सूचना मिळाव्यात ही मागणी सोडू नका, आणि ती करणारा अर्ज अस्सल कन्नडात लिहा. शेजारच्या कन्नड घरालाही गटार आणि पाणी यांचा हिशेब हवाच असतो. तोच कागद दोघांना उपयोगी पडेल.

तुमच्यापैकी काही जण पुण्याला जातील, काही बंगळूरला, काही स्पर्धापरीक्षा देतील. जा. इथे थांबा असं मी सांगत नाही, पोटाचं पाहिलंच पाहिजे. पण सुट्टीत याल तेव्हासाठी मंडळाच्या कार्यकारिणीने माझ्या विनंतीवरून एक ठराव केला आहे, तो वाचून दाखवतो आणि थांबतो. वाचनालयातलं मोठं टेबल दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मोकळं ठेवलं जाईल. पट्टण पंचायतीचा अर्थसंकल्प आणि पंचक्रोशीतल्या मराठी शाळांची पटसंख्या माहितीच्या अधिकारात मागवली जाईल, त्याची फी मंडळ भरेल. ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी वाचायचं, ज्यांना बेरीज येते त्यांनी बेरीज करायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पन्नास ओळी आखलेल्या आहेत. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली की जाताना सह्या करून जा. पहिली सही मी केली आहे.