गणिताची गोडी
(तुळजापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नवरात्रात देवीच्या वाटेवर दुकानात बसून सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करणारी आपली मुले वर्गात फळ्यापुढे मात्र मुकी होतात. गणितापायी कित्येकांची शाळा सुटली. त्यांतील काही आमच्याच हाताखालची होत. सूत्र पाठ करा, उदाहरण उतरवून घ्या, एवढेच आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. वर छडी होतीच.

पुढे देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा १९४९ सालचा शोध वाचनात आला. तो आम्ही नववीपुढे मांडला. चार अंक घ्यावेत, सगळे सारखे नकोत. समजा ३, ५, २, ४. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच, ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. येथून पुढे कितीही करा, ६१७४ च! कोणतेही अंक घेतले तरी फार तर सात वजाबाक्यांत तेथेच येणे होते.

हातचा नेहमी चुकविणारी एक मुलगी त्या दिवशी मधल्या सुटीतही उठेना. ६१७४ येत नाही म्हणजे चूक आपली, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. शेवटी तिने विचारले, "गुरुजी, तीनच अंक घेतले तर?" आम्हांस ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गानेच आम्हांस सांगितले, ४९५.

भोजनास अवकाश आहे. मुलामुलींनी आपापले अंक घेऊन आमच्याकडे यावे. पाटी आम्ही आणली आहे.