काट्यावरची चिठ्ठी



हंगाम आटोपल्यावर भवानीनगरला बोलावलंत, हे बरं केलंत. गळीत चालू असतं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, आणि मीही आलो नसतो. कारखान्यांच्या संगणक विभागांत माझं आयुष्य गेलं. ऊस नोंद, तोडणी-वाहतुकीची बिलं, मुकादमाची उचल, सोसायटीची कपात, सगळं मी फॉक्सप्रो या डेटाबेस भाषेत लिहिलं. मायक्रोसॉफ्टनं मार्च २००७ मध्ये जाहीर केलं की फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची, पुढं काही नाही. जानेवारी २०१५ मध्ये तिची देखभालही थांबली. तरी आम्ही तीच रेटत होतो. शेवटी पन्नाशी उलटल्यावर मला वेब शिकायला बसावं लागलं.

लोकांना वाटतं, या वयात नवी भाषा जड जात असेल. भाषा जड जात नाही. पीएचपीत ‘जर-तर’ लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. अडलो ते भलतीकडेच.

फॉक्सप्रोत ‘रीड’ म्हटलं की प्रोग्रॅम थांबतो. समोरचा कारकून सभासद क्रमांक टाकतो, चहा पितो, गटाचं नाव टाकतो. प्रोग्रॅम त्याच्यासाठी ताटकळत उभा. सगळी माहिती प्रोग्रॅमच्या हातात तशीच. मी वेबवरही तसंच लिहिलं. पहिल्या पानावर सभासद क्रमांक घेतला, दुसऱ्या पानावर त्याचा उतारा दाखवायचा होता. दुसऱ्या पानावर क्रमांक कोरा! दोन दिवस मी माझ्याच ओळी पुन:पुन्हा वाचत होतो. शेवटी विभागातली एक नवीन मुलगी म्हणाली, “सर, पान पाठवलं की काम संपलं. पुढच्या वेळी तुम्ही सर्व्हरला अनोळखीच.”

मनात म्हटलं, असल्या विसराळू यंत्रावर उसाचा हिशेब कसा ठेवायचा?

उत्तर काट्यावर होतं, आणि मी ते तीस वर्षं रोज पाहत होतो. उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजन होतं, चालकाच्या हातात चिठ्ठी पडते. तो गव्हाणीकडं जातो, ट्रॉल्या खाली करतो, आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा वजनाला येतो. मधल्या वेळात काट्यावरून कितीतरी खेपा गेलेल्या असतात. काटेवाला त्या चालकाला लक्षात ठेवतो का? मुळीच नाही. चिठ्ठीवरचा नंबर बघतो, नोंद काढतो, भरलेल्यातून रिकामं वजा करतो. ब्राउझरमधली कुकी म्हणजे हीच चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुलीनं ती काढली. तिच्यावर फक्त नंबर ठेवायचा, वजन सर्व्हरकडं. चालकानं स्वतःच्या पेनानं चिठ्ठीवर वजन लिहून आणलं तर कुणी मानेल का? तसंच ब्राउझरकडून आलेल्या रकमेवर, दरावर कधी विश्वास ठेवायचा नाही. नंबर घ्यायचा आणि बाकी आपल्या दप्तरातून काढायचं. हे मला समजल्यावर त्या मुलीच्या पुढं जायला फार दिवस लागले नाहीत. ती काट्यावर कधी उभी राहिली नव्हती.

कुलूप मात्र मला सोडून द्यावं लागलं. फॉक्सप्रोत रेकॉर्ड उघडलं की दुसऱ्या कुणी ते बदलू नये म्हणून कुलूप लावायची आमची पद्धत. एकदा एक कारकून कुलूप तसंच ठेवून जेवायला गेला, आणि त्या सभासदाचं बिल तासभर अडकलं. वेबवर उघडं पान टाकून माणूस लग्नालाही जाईल, तुम्हाला कळणार नाही. म्हणून नोंद देताना तिच्यासोबत एक आवृत्ती-क्रमांक द्यायचा, आणि परत आल्यावर तो तोच आहे का ते पाहायचं. मध्ये कुणी बदल केला असेल तर नम्रपणे सांगायचं, पुन्हा उघडा. नेट रेंगाळलं की लोक बटण दोनदा दाबतात. त्यावर उपाय पुन्हा चिठ्ठीच. एका नंबरावर एकच नोंद.

पैशांबाबत तर जुनी माणसंच बरी. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवलं की ०.३ येत नाही, शेवटी एक चार चिकटून येतो. नव्या मुलांना याची गंमत वाटते, मला घाम फुटतो. रक्कम पूर्ण पैशांत साठवायची, छापताना रुपये करायचे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यात १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज, असं आहे. व्याज आलं की पैशापैशाचा प्रश्न येतो.

आणि नावं! जुन्या मराठी फॉन्टमध्ये ‘शिंदे’ लिहिलं की वेलांटी आधी, ‘श’ मागून, डोळ्याला दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये आधी ‘श’, मग वेलांटी. हजारो नावं एका प्रोग्रॅमनं बदलली. तरी जोडाक्षरांपाशी उरलेली घाण हातानंच काढली. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, पण तुम्ही ऐकणार नाही.

पानावर काय दाखवायचं, तेही शिकावं लागलं. वारणानगर परिसरातल्या ७० गावांना १९९८ मध्ये संगणक केंद्रांनी जोडलं होतं. शेतीचा सल्ला, बाजारभाव, बरंच काही द्यायचं होतं. वापर झाला तो मुख्यतः उसाच्या कामासाठी. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं, आणि चाललं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या पहिल्या पानावरचे रंगीत तक्ते काढून टाकले. सणसरच्या किंवा बेलवाडीच्या शेतकऱ्याला स्वस्तातल्या फोनवर, उन्हात, एकच आकडा वाचायचा असतो: माझी खेप किती भरली?

आता तुमचे प्रश्न. काहीही विचारा, फक्त “सर, मुलानं कुठली भाषा शिकावी?” हा सोडून. मुलाला आधी हंगामात आठवडाभर काट्यावर बसवा, मग मला फोन करा.