वायफाय जोडायला ॲडमिनचा पासवर्ड का?

(कारंजा येथील एका अभ्यासिकेत युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथल्या संगणकांवर लिनक्स आहे. राउटर बंद पडला की तुम्ही कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट निवडता, त्याचा पासवर्ड बरोबर टाकता, तरी संगणक आणखी एक पासवर्ड मागतो. ॲडमिनचा! तो इथे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. अडचण सुटली असं सगळ्यांना वाटतं. पण त्या पासवर्डाने वायफायच नाही, कोणाच्याही फायली उघडता येतात. महाडीबीटीच्या अर्जासाठी तुम्ही ठेवलेलं आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळं वाचता येतं आणि पुसताही येतं.

मग पासवर्ड एकाच भावाकडे ठेवा, असं कोणी म्हणेल. तो शेलूबाजारला गेला की दुपारी आलेल्या मुली ताटकळणार. अर्जाची शेवटची तारीख थांबत नाही.

लिनक्समध्ये जोडणीचं काम नेटवर्क मॅनेजर करतो आणि कोणाला काय करू द्यायचं हे पोलकिटला विचारतो. पोलकिटच्या लेखी इजाजती वेगवेगळ्या आहेत. आधी जतन केलेल्या नेटवर्कला जोडणं ही एक. नवं नेटवर्क फक्त स्वतःपुरतं जतन करणं ही दुसरी, सगळ्यांसाठी जतन करणं ही तिसरी. संगणकासमोर बसलेल्याला पहिल्या दोन सहसा आपोआप मिळतात. ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो तो बहुधा तिसरीसाठी. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमधली ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ ही खूण काढा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं. टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय जनरल परमिशन्स’ ही आज्ञा दिली की आपल्याला कशाची मुभा आहे तेही दिसतं.

हा वैताग फक्त आपलाच नाही. २०१२ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स ओपनसुसेवर भडकले होते. त्यांच्या मुलीला शाळेतला प्रिंटर जोडायला ॲडमिनचा पासवर्ड लागत होता. त्यांची भाषा इथे सांगण्यासारखी नाही, मुद्दा मात्र रास्त होता.

मुलींनो, ती खूण काढणं तुमच्यासाठी जास्त गरजेचं आहे. तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट ‘सर्वांसाठी’ जतन झाला, तर तुमच्यानंतर बसणाऱ्याचा संगणकही हॉटस्पॉट चालू दिसताच त्याला जोडला जाईल. डेटा तुमचा संपेल. ॲडमिनला तो पासवर्ड वाचताही येतो.

अभ्यासिकेच्या राउटरचं उलटं. तो ॲडमिनने एकदाच सर्वांसाठी जोडून ठेवावा. तो बदलायची मुभा आणखी कोणाला द्यायची असेल तर त्यांचा एक गट करून पोलकिटच्या नियमांत तेवढीच इजाजत लिहिता येते. बाकीची सत्ता त्यांच्या हाती जात नाही.

तर आज चिठ्ठी काढू, पासवर्ड बदलू आणि प्रत्येकाचं खातं वेगळं करू. नवा पासवर्ड दोघांकडे राहील. त्यातली एक मुलगी असावी, हा माझा आग्रह आहे. कोण घेतंय जबाबदारी?