चमचे घ्यायला गेलात तर चुंबकावर जाऊ नका

आजचा विषय आहे चमचे. हसू नका. मी दिवसभर कोड लिहितो, पण आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक केली ती बाबांच्या मिसळच्या हॉटेलात.

रिटायर झाल्यावर बाबांनी पीएफच्या पैशातून 24 माणसं बसतील एवढं हॉटेल टाकलं. म्हणाले, "चमच्यांचं तू बघ." मी काय केलं? ऑनलाइन गेलो, 'किंमत कमी ते जास्त' लावलं आणि वरचेच 100 चमचे मागवले. दोन महिन्यांत त्यांच्यावर तांबूस ठिपके! एका काकूंनी चमचा रुमालाने पुसून बघितला आणि मिसळ तशीच ठेवून उठल्या. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग बसलो वाचायला. 18/8 स्टील म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. यालाच 304 म्हणतात. 18/0 मध्ये निकेल जवळपास नसतंच. स्वस्त पडतं, पण मिठापुढे लवकर हार खातं. तिसरं, 200 सिरीज: निकेल कमी, भरपाई मँगनीजने. माझे चमचे हेच निघाले.

दुकानदार चुंबक लावून म्हणतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील." फसू नका. 200 सिरीजलाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. आधी 4 नगच आणा, दोन-तीन रात्री मिठाच्या पाण्यात ठेवा. दांडा अंगठ्याने दाबा, वाकला तर परत. कड ओठाला बोचते का, तेही बघा.

आम्ही 304 चे 72 घेतले: माणशी एक टेबलावर, एक धुण्यात, एक राखीव. आता कटात बुडालेले चमचे रात्रभर पडून राहत नाहीत, लगेच धुऊन पुसतो.

पण 18/0 अगदीच वाईट नाही हं. त्याला चुंबक चिकटतं, त्यामुळे खरकट्याबरोबर कचऱ्यात जाणारे चमचे डब्याच्या तोंडाशी चुंबक लावून पकडता येतात. तुमच्याकडे चमचे फार हरवत असतील, तर हा हिशोब करून बघा.

परवा बाबा म्हणाले, "अरे, वाट्या पण घ्यायच्यात. तूच बघ." बरं वाटलं राव!

ओळखीत कुणी खानावळ टाकत असेल, तर हा एपिसोड त्याला नक्की पाठवा. भेटूया!