ताऱ्याची नाडी



वैद्य रोग्याच्या मनगटावर बोटं ठेवतो आणि नाडी पाहतो. आतलं डोळ्यांना दिसत नाही, पण ठोक्यांवरून कळतं. ताऱ्यांचीही अशी नाडी पाहतात, बरं का!

रात्री उत्तरेकडे सप्तर्षी दिसतात. त्याच बाजूला, फार फार लांब, एम ८२ नावाची दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षं लागतात. आपल्या आकाशगंगेच्या सुमारे दहापट वेगानं तिथं नवे तारे जन्मतात.

जन्म आला तिथं मरणही आलं. मोठे तारे लवकर विझतात. विझलेला तारा कधी जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो. पडता पडता तो वायू भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, तेच हे किरण. वरून येणारे हे किरण आपली हवा अडवते. म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते.

अशा दुर्बिणींतून पाहिलं, तर एम ८२ मधले काही ठिपके कधी तेजाळत, कधी मंदावत. याचा अर्थ काय? जत्रेत हजार पणत्या लावल्या, तर एखादी विझली तरी लांबून कळत नाही. पण उजेड झपाट्यानं कमीजास्त झाला, तर समजावं, ही पणत्यांची गर्दी नव्हे; एकच मोठी बत्ती आहे.

त्यातला एक ठिपका एकटाच सुमारे १ कोटी सूर्यांइतकी शक्ती फेकत होता. एवढी शक्ती म्हणजे तिथं कृष्णविवरच असणार, त्यात पडणाऱ्या वायूचं हे तेज, असं जाणत्यांना वाटे.

२०१४ च्या जानेवारीत त्या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. तो पाहायला 'न्यूस्टार' नावाची दुर्बीण तिकडे वळवली. आलेले किरण मोजता मोजता भलतंच सापडलं. त्या ठिपक्यातून ठोके येत होते, दर १.३७ सेकंदाला एक! कृष्णविवराला अशी नेमकी नाडी नसते. तो निघाला न्यूट्रॉन तारा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा गाभा. सूर्याहून जड, पण रुंदी अवघी २०-२५ किलोमीटर! तो गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या दिव्यासारखा त्याचा झोत आपल्यावरून जातो.

पाहा, मोठमोठ्यांचा अंदाज चुकला. तो मोजणीनं सुधारला. आपणही आता अंक शिकलो आहोत. तेव्हा धान्याचं वजन असो की मजुरीचा हिशेब, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. स्वतः मोजून पाहा.