तीन तासांची भिंत

(दहावी 1994 तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी ग्रुपवर विचारलं होतं, "तुझ्या नावापुढं नुसतं सॉफ्टवेअर इंजिनिअर लिहू का?" आपल्या तुकडीत सॉफ्टवेअरवाले अकरा आहेत, मी मोजले. म्हणून गमतीनं लिहिलं, "मी पैसे घेऊन आगी लावते." त्यानंतर ग्रुपवर जे चाललं ते सरांसमोर वाचण्यासारखं नाही. त्याची शिक्षा म्हणून हे भाषण. वेळ दहा मिनिटं, तीही जेवणाआधी, म्हणजे जिलेबीचा वास येत असताना.

तर मी काय करते ते सांगते. बारावीनंतर नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन केलं आणि फिरत फिरत पुण्याच्या एका छोट्या कंपनीत आले. आम्ही आगीच्या चाचण्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी भिंत, दरवाजा किंवा केबलभोवतीचं आवरण आगीत किती वेळ टिकतं, हे पाहायला त्याला खोलीएवढ्या भट्टीत जाळतात. ते जळताना शंभरेक ठिकाणचं तापमान दर काही सेकंदांना टिपून ठेवणं हे माझं काम. यातली काही आवरणं अणुवीज केंद्रांतल्या केबलसाठी असतात.

अणुवीज केंद्र म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टी येते, केबल येत नाही. माझ्याही येत नव्हती. त्यासाठी तुम्हाला 1993 सालात नेते.

31 मार्च 1993. आपण नववीत, वार्षिक परीक्षेच्या धास्तीत. त्या पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशात, गंगेकाठच्या नरोरा अणुवीज केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. एवढं मोठं चक्र असमतोल फिरू लागल्यावर जे व्हायचं ते झालं. हादऱ्यांनी जनित्रातला हायड्रोजन बाहेर आला, वंगणाच्या तेलाचे पाईप फुटले आणि आग लागली. आग केबलवर चढली. नेहमीच्या विजेच्या आणि आणीबाणीच्या विजेच्या केबल काही ठिकाणी एकाच वाटेनं गेलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये आग अडवणारा आडोसा नव्हता. दोन्ही गेल्या. केंद्रात सुमारे 17 तास अंधार होता. नियंत्रण कक्षात इतका धूर भरला की माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं.

चालकांनी पहिल्या मिनिटाच्या आतच अणुभट्टी बंद केली होती. पण अणुभट्टी बंद करणं म्हणजे चुलीतली लाकडं ओढून घेणं, निखारे आत राहतातच. बंद केल्या क्षणी मूळच्या सहा-सात टक्के उष्णता तयार होत असते. ती हळूहळू उतरते, पण तोवर पाणी खेळतं ठेवावंच लागतं. त्याला पंप लागतात, पंपाला वीज लागते, विजेला केबल लागते. नरोऱ्यात शेवटी डिझेलवर चालणारे आग विझवायचे पंप वापरून पाणी पोचवलं. अणुभट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचं द्रावण आत सोडायचं होतं, तेव्हा माणसं अंधारात टॉर्च घेऊन वर चढली आणि त्यांनी हातानं झडपा उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या माणसांची नावं आपल्याला कुणी शिकवली नाहीत, मला याचं जरा वाईट वाटतं.

बरोबर सहा महिन्यांनी, 30 सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. ती इथे कुणाला सांगायला नको. आदल्या रात्री गणपती विसर्जनाहून आपण उशिरा परतलो होतो.

माझं आजोळ औसा तालुक्यात. आजोबांच्या घराला माळवद होतं, आणि दर उन्हाळ्यात आजोबा त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकून घ्यायचे, गळू नये म्हणून. उन्हात घर गार राहायचं, पावसात गळायचं नाही. दोन्ही परीक्षांत ते छप्पर दरवर्षी पास व्हायचं. तिसरी परीक्षा घेतली कुणी नव्हती. आजी ओसरीच्या कडेला झोपली होती म्हणून वाचली, आजोबा आत होते. दहावीच्या वर्गात मी महिनाभर का बोलत नव्हते, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

नरोऱ्याबद्दल मी नोकरी लागल्यावर वाचलं. तारखा शेजारी शेजारी दिसल्या तेव्हा हातातलं काम थांबलं होतं.

आता केबलच्या आवरणाकडे येते. याची गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाच्या केंद्रात, 22 मार्च 1975 रोजी एका मेणबत्तीनं सुरू होते. भिंतीतून केबल जातात तिथल्या फटी फोमनं बुजवलेल्या होत्या. हवा कुठून गळते ते पाहायला कामगार मेणबत्ती धरून ज्योत हलते का बघत होते. ज्योत हलली, आत ओढली गेली, फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली आणि 1600 हून जास्त केबल खराब झाल्या. त्यानंतर तिथे नियम झाले: सुरक्षेच्या दोन समांतर व्यवस्थांच्या केबलमध्ये तीन तास टिकणारा आडोसा हवा. किंवा वीस फुटांचं मोकळं अंतर, सोबत धूर ओळखणारी आणि आपोआप आग विझवणारी यंत्रणा. किंवा तीच यंत्रणा आणि एक तासाचं आवरण.

तीन तास, एक तास. हे तास ठरवतो कोण? भट्टी. भट्टीचं तापमान ठरलेल्या वक्रानं चढवायचं असतं: पाच मिनिटांत 576 अंश, अर्ध्या तासात 842, तासाला 945, तीन तासांना 1110. आणि आवरणाच्या आतल्या बाजूचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी 140 अंशांहून किंवा कुठल्याही एका जागी 180 अंशांहून जास्त वाढता कामा नये. त्या एका जागेतच सगळी मेख आहे. मधला भाग सहसा टिकतो. दगा सांधे देतात.

मैत्रिणींनो, फडक्यानं तवा उचलताना दोन पदर हाताला पुरतात, पण फडकं जिथे विरलेलं असतं तिथेच चटका बसतो ना, तसं. भावांनो, तुम्हीही कधी तवा उचलून बघा.

आवरण जाड केलं की झालं, असंही नाही. केबलमधून वीज जाते तेव्हा ती स्वतःही तापते. तिला गोधडीत गुंडाळलं तर ती उष्णता बाहेर कशी जाणार? मग त्या केबलमधून कमी वीज न्यावी लागते. म्हणजे बाहेरची आग अडवायची आणि आतली ऊब जाऊ द्यायची.

अमेरिकेत थर्मो-लॅग नावाचं आवरण कित्येक अणुवीज केंद्रांत बसवलेलं होतं. पुढं स्वतंत्र चाचण्या झाल्या तेव्हा बारीक पाईपवर आणि रुंद ट्रेवर ते लिहिलेल्या वेळेआधीच हरलं. 1992 मध्ये तिथल्या नियामकांनी केंद्रांना कळवलं की अशा ठिकाणचं आवरण नाहीच असं धरून चाला आणि बदली उपाय करा. उपाय कोणता, तर माणसं. ठरलेल्या वेळाला फेरी मारून आग लागली नाही ना हे डोळ्यांनी पाहणारी माणसं. अणुयुगात रात्रीचा गुरखा! मी हसले होते वाचताना. मग लक्षात आलं की सगळ्यात प्रामाणिक उपाय तोच होता.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही आतापर्यंत ऑफिसबाहेर फार कुणाला सांगितलेली नाही.

तापमान मोजायला आम्ही थर्मोकपल वापरतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट. भट्टीत कधीकधी ती तार तुटते आणि पडद्यावर आकडा एकदम आभाळाला भिडतो. ग्राहक घाबरतात, आलेख घाण दिसतो. मी एक छोटा कोड लिहिला: आकड्यानं अशक्य उडी मारली तर तार तुटली असं समजायचं आणि आधीचा चांगला आकडा दाखवत राहायचं. दहा-बारा ओळी होत्या. आलेख सुंदर दिसू लागले, माझं कौतुक झालं. दोन वर्षं ते चाललं.

एकदा केबल ट्रेच्या आवरणाची एक तासाची चाचणी झाली. पास. अहवालावर सह्या झाल्या. त्या रात्री मी सहज आलेख बघत होते आणि एक रेघ डोळ्यांत खुपली. बावन्नाव्या मिनिटापासून पुढं ती सरळ होती, 118 अंशांवर, फूटपट्टीनं ओढल्यासारखी.

इथे बाईंची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दहावीला ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आपण काय करायचो ते आता कबूल करू या, एवढ्या वर्षांनी मार्क काही कापले जाणार नाहीत. उत्तर आधी लिहायचं आणि निरीक्षणं मागून बनवायची. माझ्या वहीत व्होल्टेज भागिले प्रवाह सहाही वेळा नेमका 5.0 आला होता. बाईंनी वही परत देताना विचारलं, "खऱ्या मीटरचा काटा थरथरतो. तुझा का नाही थरथरला?" सगळा वर्ग हसला होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बाईंचा रागही आला होता.

त्या सरळ रेघेकडे बघताना बाईंचा आवाज कानात आला. सुदैवानं मूळ मिलिव्होल्टचे आकडे वेगळ्या फाईलमध्ये जपलेले असायचे. ती उघडली. तार तुटलीच नव्हती. त्या जागी आवरणाचा सांधा उघडला होता आणि भट्टीतला गरम वायू थेट आत शिरला होता. काही सेकंदांत तापमान 400 च्या पुढं. माझ्या कोडला ती उडी अशक्य वाटली, म्हणून त्यानं ती पुसली. जे पकडायला आम्ही भट्टी पेटवली होती, नेमकं तेच मी नीटनेटकेपणासाठी फेकून देत होते.

रात्रीचे पावणेदोन. नवरा झोपलेला, मुलगी झोपलेली. कुणाला कळलं नसतं. हे मी नुसतं म्हणत नाही, खरंच कळलं नसतं. मी पाणी प्याले, परत येऊन फाईल बंद केली, पुन्हा उघडली. किती वेळ गेला माहीत नाही. मला आजोबांचं माळवद आठवलं असं सांगितलं तर भाषणात शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मला माझा पगारवाढीचा अर्ज आठवत होता.

सकाळी साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ग्राहकाला फोन तूच कर." केला. समोरचे इंजिनिअर आधी भडकले, आणि मग त्यांनी विचारलं, "कुठला सांधा, मॅडम?" तो प्रश्न ऐकून मला रडू आलं, कारण तो कामाचा प्रश्न होता. त्यांनी सांध्याची पट्टी बदलली, दुसऱ्या चाचणीत तो सांधा टिकला. पण पुढचं काम त्यांनी आम्हाला दिलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. आम्ही दोन वर्षांच्या सगळ्या जुन्या फायली काढल्या. त्यात आणखी दोन चाचण्यांत हेच झालेलं सापडलं. तेही फोन मीच केले. पगारवाढ त्या वर्षी कुणालाच झाली नाही, आणि ऑफिसात डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची काही महिने रिकामी असायची.

तो कोड मी काढून टाकला. आता तार तुटली की आलेखात भोक दिसतं, कुरूप, आणि शेजारी लिहून येतं की इथे आम्हाला काही माहीत नाही. नवीन मुलं येतात, दोन महिन्यांत विचारतात, "मॅडम, हे भोक बुजवू का?" मी त्यांना त्या तीन चाचण्यांचे आलेख दाखवते.

संयोजक घड्याळ दाखवतायत. एक वस्तू आणली आहे. हा दुसऱ्या चाचणीतल्या केबलचा तुकडा आहे, आवरणाच्या आत होता. बघा, वरचं प्लास्टिक थोडं मऊ पडलंय, पण आतलं तांबं चमकतंय. आणि हा दुसरा, पहिल्या चाचणीतला, त्या उघडलेल्या सांध्याजवळचा. हात काळे होतील, साड्या सांभाळा.

बाई, आधी तुमच्याकडे देते. तुम्ही बघून झालं की मागच्या बाकावर पाठवा. ती मंडळी अजून मागच्याच बाकावर बसली आहेत.